सव्वापाचची लाँच

खांदेश्वर
२ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
चारूचा सा. नमस्कार.

शौनकला जाऊन पंधरवडा झाला. तेराव्याला तू आलास, कोपऱ्यात बसलास आणि न जेवता निघून गेलास. घरात माणसं होती म्हणून मी तेव्हा काही विचारलं नाही. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि माझा फोन तर पोलिसांनी पुरावा म्हणून नेला आहे. म्हणून हे पत्र.

मी तुझ्या शेजारच्या नमिताविरुद्ध फिर्याद दिली आहे, ते मोऱ्यात एव्हाना घरोघर झालं असेल. आत्महत्येस प्रवृत्त करणे, कलम १०८, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. तिला तात्पुरता अटकपूर्व जामीन मिळाला आहे, पण २६ तारखेला सुनावणी आहे. तो रद्द झाला की ती आत जाईल. ती आत गेल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही, हे तुला स्पष्टच सांगते.

फिर्यादीत मी लिहिलं आहे ते असं. १८ जानेवारीला, रविवारी, शौनक तिला भेटायला मोऱ्याला आला. तिनं त्याला झिडकारलं. तो सव्वापाचच्या लाँचने मुंबईच्या खोलीवर परत निघाला आणि लाँचमधून साडेपाचला त्यानं मला फोन केला. दोन मिनिटं बोलला. रडत होता. म्हणाला, "आई, ती म्हणाली, मर जा, माझी पाठ सोड." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीवरच्या मित्राचा फोन आला. पुढचं तुला माहीत आहे.

तू त्या दिवशी बंदरावर होतास. तू रोजच असतोस. तेव्हा तू साक्षीदार आहेस. तुझ्या जबाबाचा मजकूर मी लिहून सोबत ठेवला आहे. "नमिता माझ्या भाच्याला मोठ्या आवाजात मर जा असं म्हणाली व त्यानंतर तो सव्वापाचच्या लाँचने गेला," एवढंच. तुला कमी ऐकू येतं हे आपण होऊन सांगायची गरज नाही. विचारलंच तर म्हण, जवळून ऐकू येतं.

त्या दोघांची ओळख तुझ्याच ओट्यावर झाली, दादा. मी दहा वेळा सांगितलं होतं की पोराला तिकडे रुळू देऊ नकोस. शेवटी गेल्या दिवाळीत तुला बजावलं, त्याला मुक्कामाला ठेवून घेतलंस तर माझं तोंड बघू नकोस. तो शब्द तू पाळलास, हे मला ठाऊक आहे. आता हाही पाळ.

तुझी,
चारू

मोरा
७ फेब्रुवारी २०२६

चि. चारू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे, वेलांटी कुठे चुकत नाही. जबाबाचा कागदही वाचला. मुख्याध्यापकाने पोराच्या वतीने रजेचा अर्ज लिहावा तसा तो झाला आहे.

तेराव्याला न जेवता गेलो, कारण घास उतरला नसता. त्याला मी खांद्यावर घेऊन लाँचचं इंजिन दाखवलेलं आहे. इंजिनावर अठ्ठावीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आलो, पण तो "मामा" म्हणाला की मला त्याच्या ओठांवरून कळायचं. आणखी काय लिहू.

त्या दिवशी मी बंदरावर होतो हे खरं. ते दोघे साडेचारच्या सुमाराला धक्क्याच्या कठड्यावर बसले होते. तिने त्याला उकडलेल्या शेंगा सोलून दिल्या. पाचच्या सुमाराला ती उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि घराकडे गेली. भांडण मला दिसलं नाही. ऐकू तर येतच नाही, पण भांडणारी माणसं कशी उभी राहतात ते बहिऱ्याला इतरांपेक्षा चांगलं कळतं.

आता मला एक सांग. शौनकने फोन लाँचमधून केला, असं तो स्वतः म्हणाला का? की तू अंदाजानं लिहिलंस? नीट आठवून लिही. मी सही केली की ते माझ्याही गळ्यात पडणार आहे.

नमिता जासईच्या कंटेनर यार्डात कारकून होती. तिला कामावर येऊ नकोस असं सांगितलंय. तिची आई पुतळाबाई परवा माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाली, "दादा, तुमी तवा तथं व्हते. पायलं त्याच सांगा. जास्त नको आन् कमी पन नको." मासे विकताना ती कधी मापात चुकत नाही, बोलण्यातही चुकली नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
दादा

खांदेश्वर
११ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. नमस्कार.

म्हणजे तुझ्यापर्यंत त्या बाईचं येणंजाणं सुरू झालेलं आहे. माझा संशय होताच. शेंगा सोलून दिल्या म्हणे! तुला त्यांनी काय काय पढवलं आहे ते मला कळू दे एकदा. सख्ख्या बहिणीचा एकुलता एक मुलगा गेला आणि तू त्या घराची बाजू लिहून पाठवतोस?

लाँचबद्दल तू का खोदून विचारतोस ते कळलं नाही. सोबत वेळापत्रकाचं कात्रण पाठवते. मोऱ्याहून सव्वापाच. त्याचा फोन ५.३२ ला आला, तसं पोलिसांच्या नोंदीतच आहे. सव्वापाचला निघालेला माणूस ५.३२ ला लाँचमध्येच असणार, यात शंका घ्यायला कुठे जागा आहे? त्या ५.३२ च्या फोनवरून मला पोलिसांनीही छळलं. चार मिनिटं काय बोललात, चार मिनिटं काय बोललात. आई आणि मुलगा काय बोलतात ते का घड्याळ लावून सांगायचं असतं?

आणखी एक. लोक तुझ्याशी बोलायचं ते तुझ्या वहीत लिहितात. शौनकही लिहायचा. त्या दिवशी त्यानं काही लिहिलं का? लिहिलं असेल तर ती वही रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठव. कुणाला दाखवू नकोस. त्या पुतळाबाईला तर नाहीच. त्याच्या हातचं अक्षर आहे, त्यावर आईचा हक्क आहे.

जबाब २० तारखेच्या आत दे.

चारू

मोरा
१५ फेब्रुवारी २०२६

चि. चारू हिस,
आशीर्वाद.

वही मी पाठवत नाही. रागावू नकोस, आधी हे सगळं वाच.

तुझ्या पहिल्या पत्रात तो दोन मिनिटं बोलला, दुसऱ्यात चार. पहिल्या पत्रात वहीचं नाव नव्हतं, दुसऱ्यात ती रजिस्टरनं हवी आणि कुणाला दाखवायची नाही. चारू, मी बहिरा आहे, आंधळा नाही.

आता लाँचचं. तू वेळापत्रक पाठवलंस. ते मुंबईहून येणाऱ्या लोकांसाठी छापतात. मोऱ्याच्या बंदरात गाळ इतका साचला आहे की मोठ्या ओहोटीला धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो आणि लाँच लागत नाही. मग वेळापत्रक भिंतीवरच राहतं. इथलं शेंबडं पोरही लाँचची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर काढतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. १८ जानेवारीला अमावस्या होती. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सकाळी सव्वाअकराला, तिथून सहा तासांनी, म्हणजे सव्वापाच-साडेपाचला, ठार ओहोटी. आणि अमावस्येची ओहोटी सगळ्यात मोठी. त्या दिवशी चारपासून सातपर्यंत मोऱ्यातून एकही लाँच सुटली नाही. सव्वापाचची लाँच नव्हतीच.

म्हणजे शौनक लाँचमधून फोन करत असल्याचं तुला सांगूच शकत नव्हता. ते तू घरी बसून, कात्रण बघून लिहिलंस. एक असं लिहिलंस, तर दुसरंही तसंच लिहिलं असशील, असं मला वाटायला लागलं आणि तीन रात्री झोप आली नाही.

तू वहीबद्दल विचारलंस. हो, त्यानं लिहिलं. त्यानं फोन माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून केला. बोलताना आधी हसत होता. मग हसणं गेलं. मग नुसता ऐकत राहिला. मग फोन खिशात घालून माझ्या शेजारी येऊन बसला आणि वही मागून घेतली. त्याच्या अक्षरात आहे ते जसंच्या तसं उतरवतो:

"नमिता म्हणते, चोरून लग्न नाही करायचं, आईचा होकार घेऊन ये. आईला विचारलं. आई म्हणाली, त्या कोळणीशी लग्न करणार असशील तर तू मला मेलास."

उरणचे हौसेराव वकील माझ्या ओळखीचे. नाव न सांगता त्यांना विचारलं की एखादी व्यक्ती "मर" म्हणाली आणि समोरच्यानं जीव दिला, तर कायद्यानं ती दोषी का? त्यांनी वहीत पानभर लिहून दिलं. सारांश असा: रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द म्हणजे प्रवृत्त करणं नाही. त्यानं मरावं असं मनात हवं, आणि त्याला दुसरी वाटच उरू नये असं वागणं हवं. लग्नाला नुसता नकार देणं हाही गुन्हा नाही. शेवटी हौसेरावांनी खाली विचारलं, "हे तुम्ही कोणासाठी विचारताय?" मी वही मिटली.

तेव्हा कायदा तुला धरणार नाही, घाबरू नकोस. पण जे तू बोललीस ते तू त्या पोरीच्या तोंडी घातलंस, आणि त्यासाठी ती दहा वर्षं आत जावी म्हणतेस. पंचवीस वर्षांची आहे ती. तुझा जबाबाचा कागद परत पाठवतो आहे.

तुझा,
दादा

खांदेश्वर
१८ फेब्रुवारी २०२६

दादा,

नमस्कार-बिमस्कार लिहीत नाही.

हो, म्हटलं मी. तू मला मेलास, असं म्हटलं. कोणती आई म्हणत नाही? तुला आपली आई आठवत नाही का? दिवसातून चार वेळा आपण तिला मेलेले असायचो आणि संध्याकाळी ती आपल्याला भाकरी वाढायची. शाळेत तीस वर्षं मी पोरांना "जीव घेईन" म्हणत आले, कुणाचा घेतला? त्याचे वडील गेल्यापासून एकटीनं वाढवलं त्याला. माझ्या मनात तसं असेल का? तुला तरी वाटतं का तसं?

पोलिसांनी विचारलं, शेवटचा फोन तुमचा, काय बोललात? माझ्या तोंडून ते निघालंच नाही. निघालं ते तिचं नाव. एकदा निघाल्यावर त्याला पुढे-मागे टेकू द्यावे लागले. तिलाच धरून ठेवलं तर मला रात्री डोळे मिटता येत होते. आता तेही येत नाहीत.

पण तू फार साव होऊ नकोस. तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. मी जन्मभर पेपर तपासले आहेत, कॉपी करणारं पोर कुठला प्रश्न सोडून देतं ते मला बरोबर कळतं. शौनकनं साडेपाचला वहीत लिहिलं. तूच म्हणतोस, सातपर्यंत लाँच नव्हती. म्हणजे तो पुढे दीड-दोन तास तुझ्याशेजारी बसला होता. त्या दोन तासांबद्दल तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात एक अक्षर नाही. असं लिहून झाल्यावर तू त्याला काय म्हणालास? तो काय म्हणाला? वहीत त्या ओळीखाली काय आहे? की पान फाडलंस?

तेराव्याला तू का जेवला नाहीस, दादा?

चारू

मोरा
२१ फेब्रुवारी २०२६

चि. चारू,

पान फाडलेलं नाही. फाडायला गेलो होतो, दोनदा.

तुझा प्रश्न बरोबर आहे. मी तो सोडून दिला होता.

त्याचं लिहिलेलं वाचून मी त्याला म्हणालो, आई रागात बोलते, चार दिवसांत निवळेल, तुला का तिचा स्वभाव नवा आहे. तो मान हलवत होता. मग मी चहा आणायला गेलो. टपरीवर ओळखीचे भेटले, तिथे उगीच रेंगाळलो, कारण परत येऊन त्याच्यासमोर काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आलो तेव्हा तो चिखलाकडे बघत बसला होता. चहा घेतला त्यानं. बशीत ओतून, लहानपणी प्यायचा तसा. मला वाटलं, सावरला.

सातच्या पुढे पाणी चढलं. लाँचचे दिवे दिसले. तेव्हा त्यानं पुन्हा वही घेतली आणि लिहिलं:

"मामा, आज तुझ्याकडे राहू का?"

चारू, मी नको म्हणालो.

मला तुझी दिवाळी आठवली. माझं तोंड बघू नकोस म्हणाली होतीस. म्हटलं, आज आधीच आग लागलेली आहे, त्यात हा पुतळाबाईच्या शेजारी, माझ्या घरी राहिला हे कळलं तर तू आम्हा दोघांनाही उभं करणार नाहीस. म्हणून त्याला म्हणालो, "नको बाळा, आईला वाईट वाटेल. सकाळी ऑफिस आहे, खोलीवर जा. पुढच्या रविवारी ये." त्यानं वही नीट मिटून माझ्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि लाँचमध्ये चढला. तो कधी वाकून नमस्कार करत नसे. मी तेवढ्यावर ओळखायला हवं होतं. हात हलवून परत आलो आणि भात टाकला.

घरात दोन खाटा आहेत. एकीवर रद्दी पडलेली असते.

हौसेरावांना मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही, की कुणी आसरा मागितला आणि समोरच्यानं भीतीपोटी नाही म्हटलं, तर त्याला कुठलं कलम. उत्तर मला माहीत आहे. कुठलंही नाही. ऐकलं असतं तर हायसं वाटलं असतं, आणि ते मला नको होतं.

२६ तारखेला मी वही घेऊन कोर्टात येणार आहे. नमिताच्या वकिलांना पूर्ण पान दाखवणार आहे, तुझी ओळ आणि माझी ओळ, दोन्ही. तू फिर्यादीत काय बदलायचं ते तुझं तू ठरव. पण वही उघडल्यावर ते इतरांकडून ऐकण्यापेक्षा आधी स्वतः सांगितलेलं बरं, असं मला मोठा भाऊ म्हणून वाटतं. माझा राग आला असेल तर तो रास्त आहे.

दादा

खांदेश्वर
४ मार्च २०२६

ती. दादास,
सा. नमस्कार.

२५ तारखेला जाऊन मी पुरवणी जबाब दिला. जबाब घेणाऱ्या बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी दोनदा विचारलं, "बाई, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? पहिली फिर्याद खोटी होती असं तुम्ही म्हणताय." मी म्हटलं, कळतोय. लाँचचं, त्या शब्दांचं, सगळं सांगितलं. खोट्या फिर्यादीबद्दल माझ्यावर काय व्हायचं ते होईल. आमच्या वकिलांनी हात जोडले आणि फाईल परत केली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तू मला शोधत होतास ना? मी आले होते. आवाराबाहेर, चहाच्या टपरीमागे उभी होते. नमिता बाहेर आली तेव्हा पुतळाबाईंनी तिला दंडाला धरलं होतं, आजारी माणसाला धरतात तसं. जामीन कायम झाला हे कुणी मला सांगितलं नाही, तिला चालताना बघून समजलं. मी तिला इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. लहानखुरी आहे. तू मागून येत होतास आणि वही छातीशी धरली होतीस. हाक मारावीशी वाटली, पण तुला ऐकू आली नसती.

तुझी ती ओळ वाचल्यापासून मला तुझा राग यावा म्हणून मी वाट बघते आहे. एक दिवस आलाही. पण प्रत्येक वेळी वाटतं, तू नको म्हणालास ते माझ्या भीतीनं. त्याच्यासाठी दोन दारं होती. एक मी लावलं, आणि दुसरं तुझ्याकडून लावून घेतलं. हे कुठल्या कलमात बसत नाही. पण मला बसून राहावं लागतं त्याच्याजवळ, दिवसभर.

आता विचारायचं ते. ११ तारखेला बुधवारी अष्टमी आहे. मी दिनदर्शिका काढून हिशेब केला. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, म्हणजे पाचच्या सुमाराची लाँच लागायला अडचण नाही. बरोबर ना? चुकलं असेल तर कळव. खांदेश्वरहून सरळ गाडी मिळते हे मला माहीत आहे, पण मी मुद्दाम मुंबईला जाऊन भाऊच्या धक्क्यावरून येणार आहे, तो यायचा तसं. आल्यावर आधी पुतळाबाईंच्या दारात जाईन. त्या आत घेतील असं नाही. नाही घेतलं तर बाहेरूनच बोलेन, नमिताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग तुझ्याकडे येऊन ते पान बघेन. त्याच्या अक्षरात.

तोवर अंधार पडेल आणि परत जायला उशीर होईल. खाटेवरची रद्दी मी उचलेन.

दादा, त्या दिवशी तुझ्याकडे राहू का?

तुझी,
चारू